टेस्टोस्टेरॉनचा आकडा: रोज किती बनतं, रोज किती मोडतं

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात पडला की माणूस आधी आकडा बघतो, मग शेजारची रेंज, आणि निकाल लावून मोकळा होतो. 412 आलं म्हणजे आपण कमी, 780 आलं म्हणजे पैलवान. खरं तर तो आकडा साठा सांगतच नाही. शरीर हे संप्रेरक फारसं साठवून ठेवत नाही. बनवतं आणि थोड्या वेळात मोडून टाकतं. सुई टोचली त्या मिनिटाला बनण्याचा आणि मोडण्याचा जो मेळ बसला होता, तो कागदावर उतरतो.

हिशेब करून बघा. तरुण पुरुषाचं शरीर दिवसभरात साधारण 1000 लिटर रक्तद्रवातलं टेस्टोस्टेरॉन साफ करतं. अंगात रक्तद्रव असतो तीनेक लिटर, तोच फिरून फिरून लिव्हरमधून जातो. पातळी 600 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरली तर एका लिटरमध्ये 6 मायक्रोग्रॅम झालं. हजार लिटरचे 6000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 6 मिलिग्रॅम. मोडलेलं तेवढंच रोज नव्याने बनतं म्हणून पातळी टिकते. बाईच्या बाबतीत साफ होणारा रक्तद्रव 500 ते 600 लिटर आणि पातळी 30 च्या आसपास; गुणाकार करा, दिवसाला 0.2 मिलिग्रॅमच्या आतबाहेर येतं. पुरुषाच्या रक्तात एका वेळी फिरणारं टेस्टोस्टेरॉन तोलून बघितलं तर जेमतेम 18-20 मायक्रोग्रॅम भरेल. मिठाच्या एका कणाएवढंही नाही, आणि त्यावर दाढी, आवाज, हाडं, स्नायू सगळं चाललेलं असतं.

बनण्याचं काम डोक्यातून हलतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, सलग नाही, थांबून थांबून. तेच औषध म्हणून सलग दिलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काही दिवसांत दाद देईनाशी होते. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन पाडायला ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देतात ते याच जोरावर. जीएनआरएच पोचलं की पिट्युटरी दोन संप्रेरकं सोडते, एलएच आणि एफएसएच. एलएच अंडकोषातल्या लेडिग पेशींना कामाला लावतं, एफएसएच शुक्राणूंची निगा राखणाऱ्या सर्टोली पेशींना.

लेडिग पेशीत पुढचं जे घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बाजारातल्या निम्म्या थापा इथेच उघड्या पडतात. कच्चा माल कोलेस्टेरॉल. पण कोलेस्टेरॉल पेशीत असून भागत नाही, ते पेशीतल्या ऊर्जाघराच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पडद्यापर्यंत न्यावं लागतं. नेणारं प्रथिन म्हणजे स्टार, आणि ते एलएचचा हुकूम आल्यावरच कामाला लागतं. सगळ्या साखळीचा वेग या एका पायरीवर ठरतो. आत गेल्यावर 27 कार्बनच्या कोलेस्टेरॉलची शेपटी तुटते आणि 21 कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. ते मायटोकॉन्ड्रियातून बाहेर येतं, आणखी दोन कार्बन गमावून 19 चं होतं, आणि डीएचईए, अँड्रोस्टेनडायोन करत शेवटी टेस्टोस्टेरॉन बनतं. अंडकोषाच्या आत त्याची पातळी रक्ताच्या पन्नास ते शंभर पट असते. शुक्राणू बनायला ही आतली पातळी लागते, रक्तातली नाही. पुढे इंजेक्शनांचा विषय येईल तेव्हा हे वाक्य आठवा.

आता खुराकाचं. तालमीत तूप, अंडी, बदामाची थंडाई, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. कोल्हापुरात याला कुणी नावं ठेवणार नाही, आणि ठेवूही नयेत. पण कोलेस्टेरॉल जास्त खाल्लं म्हणून टेस्टोस्टेरॉन जास्त बनत नाही. लेडिग पेशीला कोलेस्टेरॉलची वानवा नसतेच. रक्तातून मिळतं, कमी पडलं तर पेशी स्वतः बनवते. अडतं ते स्टारच्या पायरीवर, आणि तिथे हुकूम एलएचचा. खुराकाने अंग भरतं ते प्रथिनांनी आणि उष्मांकांनी. उलटी बाजू मात्र शंभर टक्के खरी: पोट मारलं की आकडा पडतो. कुस्तीच्या आधी गटात बसण्यासाठी वजन उतरवायचं म्हणून आठ-दहा दिवस उपाशी राहून घाम काढला की मेंदू एलएचचे झटके आवरते घेतो. त्या दिवसांत केलेली तपासणी कमीच येणार. झोपेचंही तेच. आठवडाभर रोज पाचच तास झोप दिलेल्या निरोगी तरुणांत दिवसाची पातळी 10 ते 15 टक्क्यांनी उतरलेली आढळली आहे.

बायकांत कारखाना एका जागी नाही. ढोबळ हिशेबाने पाव भाग अंडाशयातून, पाव भाग मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून, आणि उरलेला निम्मा चरबी, त्वचा, लिव्हर अशा ठिकाणी रक्तातल्या अँड्रोस्टेनडायोनपासून तयार होतो. अंडाशयातली व्यवस्था बघण्यासारखी आहे. बीजांडाच्या पिशवीभोवती बाहेरच्या थरात थीका पेशी असतात. त्या एलएचच्या हुकमावर अँड्रोस्टेनडायोन आणि थोडं टेस्टोस्टेरॉन बनवतात, पण त्यांच्याकडे अ‍ॅरोमटेज हे विकर नसल्यातच जमा. माल आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींकडे जातो आणि तिथे एफएसएचच्या जोरावर त्याचं इस्ट्रोजेन होतं. म्हणजे बाईचं इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनच्या घरातूनच येतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही: पाळीचे मधले काही दिवस सोडले तर बाईच्या रक्तात वजनाने टेस्टोस्टेरॉन इस्ट्राडायोलपेक्षा, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा, जास्त असतं. 30 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे मिलिलिटरला 300 पिकोग्रॅम. पाळीनंतरच्या पहिल्या दिवसांत इस्ट्राडायोल 100 च्या आत असतं.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी एलएचला विचारत नाहीत, त्यांचा मालक एसीटीएच, पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक. म्हणून अ‍ॅड्रिनलमधून जास्तीचं टेस्टोस्टेरॉन येत असेल तर नुसत्या अंडाशयावर इलाज करून भागत नाही. वयाबरोबर बाईचं टेस्टोस्टेरॉन सावकाश उतरतं, विशीतल्या पातळीच्या निम्म्यावर ते चाळिशीतच आलेलं असतं. पाळी गेली म्हणून एकदम कोसळत नाही, कारण अंडाशय त्यानंतरही थोडंफार बनवत राहतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर मात्र पातळी जवळजवळ निम्मी होते. आपल्याकडे पिशवी काढताना अंडाशय ठेवले का काढले हे पेशंटच्या घरच्यांना कितीदा माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, वाचून ठेवा.

रक्तात उतरलेलं टेस्टोस्टेरॉन सुटं फारच थोडं फिरतं, पुरुषात 2 ते 3 टक्के आणि बाईत 1 टक्क्याच्या आसपास. बाकीचं दोन प्रथिनांना धरून असतं. अल्ब्युमिनची पकड सैल, तिथून ते सहज सुटून पेशीत जातं. एसएचबीजीची पकड घट्ट. त्याला चिकटलेलं पेशीत जात नाही आणि लिव्हरही त्याला लवकर मोडू शकत नाही. नेहमीच्या रिपोर्टातला ‘टोटल’ आकडा म्हणजे या तिन्हींची बेरीज. घोळ होतो तो इथे. एसएचबीजी लिव्हरमध्ये बनतं, आणि ते कमी-जास्त झालं की अंडकोष बिचारे ठणठणीत असूनही टोटल हलतो.

पोट सुटलेलं, फॅटी लिव्हर, साखर काठावर, अशा पंचेचाळिशीतल्या माणसाचा टोटल 270 येतो. रक्तात इन्सुलिन चढलेलं असतं, त्यामुळे लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं, आणि घट्ट धरलेला हिस्सा घटला की टोटल खाली दिसतो. सुटा हिस्सा कितीदा ठीक असतो. अशा माणसाला इंजेक्शन लिहून देण्याआधी एसएचबीजी बघितलंच पाहिजे, आणि खरा उपाय पोट उतरवणं हाच आहे. वजन दहा-पंधरा किलोंनी खाली आलं की आकडा आपोआप चढतो. थायरॉइड मंद असला तरी एसएचबीजी घटतं. उलट दिशेचा फसवा रिपोर्ट दारूने लिव्हर सुकलेल्या माणसाचा. एसएचबीजी वाढलेलं असतं, टोटल 500 छान दिसतो, पण सुटं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं. छाती सुजलेली, अंगावरचे केस विरळ झालेले. थायरॉइड जास्त चालत असेल, वय झालं असेल, फिट येण्यावरची काही औषधं चालू असतील, तरी एसएचबीजी चढतं. बायकांत गर्भनिरोधक गोळ्यांनी ते दुपटीहून जास्त होतं, म्हणून गोळ्या चालू असताना केलेली टेस्टोस्टेरॉनची तपासणी बहुधा फुकट जाते.

मोडण्याकडे येऊ. पेशीत शिरलेल्या टेस्टोस्टेरॉनचा शंभरातला पाच-आठ भाग 5-अल्फा रिडक्टेज या विकराने डीएचटी (त्याचंच आणखी जोरकस रूप) होतो. प्रोस्टेट, केसांची मुळं, त्वचा इथे खरा कारभार डीएचटीचा. टक्कल पडू नये म्हणून घेतात ती फिनास्टेराइडची गोळी हीच पायरी अडवते. अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग इस्ट्राडायोल होतो, पण पुरुषाची हाडं त्यावर टिकून असतात. तेव्हा जिममध्ये ‘इस्ट्रोजेन ब्लॉकर’ म्हणून अ‍ॅनास्ट्रोझोल गोळ्यागोळ्यांनी खाणाऱ्याने हाडांचाही विचार करावा.

बाकीचा सगळा गाळ लिव्हरच्या वाट्याला. तिथे टेस्टोस्टेरॉनचे अँड्रोस्टेरॉन आणि इटिओकोलॅनोलोन हे दोन पदार्थ होतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लिव्हर त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतं आणि मग किडनी त्यांना बाहेर टाकते. 90 टक्के लघवीतून जातं, थोडं पित्ताबरोबर विष्ठेतून. मूळ टेस्टोस्टेरॉन म्हणून, नुसतं ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर पडणारा भाग 1-2 टक्केच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी 1931 मध्ये हजारो लिटर पुरुषांची लघवी आटवून त्यातून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळं काढलं होतं. म्हणजे पुरुषी संप्रेरकांचा शोध आधी या गाळातून लागला आणि टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये बैलांच्या वृषणांतून हाती आलं.

लिव्हर इतकं तरबेज असल्यामुळे साधं टेस्टोस्टेरॉन गोळीने देता येत नाही. आतड्यातून थेट लिव्हरमध्ये जातं आणि बहुतेक सगळं पहिल्याच फेरीत मोडतं. यावर दोन पळवाटा निघाल्या. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट तेलकट असतं, जेवणातल्या चरबीबरोबर लसिकावाहिन्यांतून लिव्हरला वळसा घालून रक्तात उतरतं. उपाशीपोटी घेतलं तर पैसे पाण्यात. दुसरी वाट वाईट: रेणूच्या सतराव्या कार्बनवर मिथाइलची पाचर मारायची, की लिव्हरला तो मोडता येत नाही. स्टॅनोझोलॉल आणि डायनाबॉल नावाने खपणारं मेथॅन्डायनोन ही त्या जातीची. मोडत नाही म्हणून टिकतं, आणि त्याची किंमत लिव्हरच मोजतं: पित्त तुंबून कावीळ, अंगभर खाज, चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल तळाला.

तपासणी करायचीच असेल तर सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी. तरुणात सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा यांत पाव भागाचा फरक सहज पडतो. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजलं तरी पातळी पुढचे दोन तास पाव भागाने उतरलेली असते. तेव्हा मिसळ हाणून लॅब गाठू नका, आणि जेवणानंतरच्या साखरेबरोबर ‘तेवढंच टेस्टोस्टेरॉनही करा’ असं सांगू नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी आठला थेट रक्त दिलं तर घड्याळात सकाळ असली तरी शरीराची ती संध्याकाळ असते. रात्रपाळीवाल्याने मुख्य झोप झाल्यावर उठून दोन-तीन तासांत नमुना द्यावा. डेंग्यू, चिकनगुनिया, ऑपरेशन यांतून उठल्यावर काही आठवडे थांबा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या 5-10 मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही मशिनवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दाखवतं. आणि एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दोन सकाळी कमी आल्याशिवाय कमी म्हणायचं नाही.

एककांवर नजर ठेवा. एक लॅब 4.5 छापते, दुसरी 450, आणि घरात रडारड. पहिली नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. शंभरने गुणलं की दोन्ही एकच.

खरंच कमी असेल तर पुढचा प्रश्न एलएचचा. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेलं, तर बिघाड अंडकोषात: कधी गालगुंडाबरोबर अंडकोष सुजले होते का, क्लाइनफेल्टर (पुरुषात जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असणं) आहे का, ते बघायचं. दोन्ही कमी, तर बिघाड वर. प्रोलॅक्टिन, लोह, डोक्याचा एमआरआय, आणि चालू औषधं. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांची सवय आणि सांधेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेले स्टेरॉइड ही कारणं पेशंट सहसा स्वतःहून सांगत नाही.

बायकांत तपासणीची अडचण वेगळी. नेहमीची मशिनं पुरुषाच्या पातळीसाठी बेतलेली, 20 आणि 40 मधला फरक त्यांना नीट ओळखता येत नाही. एलसी-एमएस या जास्त अचूक पद्धतीने करून घेता आलं तर उत्तम, पाळीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी. पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या विकारात, एलएचचे झटके लवकर लवकर येतात, थीका पेशी जोरात चालतात, चढलेलं इन्सुलिन त्यांना आणखी पेटवतं आणि तेच इन्सुलिन लिव्हरमध्ये एसएचबीजी पाडतं. त्यामुळे टोटल 55 सारखा रेंजमधलाच दिसत असतानाही हनुवटीवर केस येतात, कारण सुटं वाढलेलं असतं. हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं. याउलट तीन-चार महिन्यांत आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस मागे सरले आणि टोटल 150-200 च्या वर गेला, तर पीसीओएस म्हणून गोळ्या देत बसू नये. अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ आहे का ते आधी शोधावं. सकाळचं 17-ओएच प्रोजेस्टेरॉन 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर अ‍ॅड्रिनलचा जन्मजात दोष तपासावा लागतो.

आता जिममधली सायकल, म्हणजे काही आठवडे सलग इंजेक्शनं मारण्याचा फेरा. राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी बाहेर पडतं. शरीर उलटं करतं: पातळी चढली की बाहेर सोडण्यापेक्षा आवक बंद करतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू जीएनआरएच थांबवतो, एलएच आणि एफएसएच शून्याच्या जवळ जातात आणि लेडिग पेशी बसून राहतात. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटच्या 250 मिलिग्रॅममध्ये खरं टेस्टोस्टेरॉन 180 असतं; आठवड्याला एक सुई म्हणजे रोजचे 25 मिलिग्रॅम, शरीराच्या स्वतःच्या उत्पादनाच्या चौपट. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 200 मिलिग्रॅम एनॅन्थेट पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून आजमावलं होतं आणि काही महिन्यांत बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर किंवा शून्याजवळ आले होते. रक्त टेस्टोस्टेरॉनने भरलेलं असतं, पण अंडकोषाच्या आतली ती पन्नास-शंभर पट पातळी गेलेली असते. लग्न ठरलेल्या पोराला हे सायकल सुरू करण्याआधी कुणी सांगत नाही. भावा, दंड भरतो तो दिसतो, अंडकोष आकसतात ते पँटमध्ये राहतं.

दुसरी भानगड रक्त घट्ट होण्याची. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा, 54 टक्क्यांवर गेलं की डॉक्टरी उपचारातसुद्धा डोस थांबवतात. जिममधली सायकल मारणाऱ्यांपैकी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करून घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

स्पर्धा खेळणाऱ्याने लघवीचा हिशेबही ध्यानात घ्यावा. एपिटेस्टोस्टेरॉन नावाचा एक निरुपद्रवी भाऊ शरीर थोडा थोडा बनवतं, आणि लघवीत दोघांचं प्रमाण साधारण एकास एक. बाहेरून घेतलं की फक्त टेस्टोस्टेरॉन वाढतं. पूर्वी हे प्रमाण सहास एक झालं की संशय घेत, 2005 पासून चारास एकला घेतात. काहींच्या शरीरात ग्लुकुरोनाइड जोडणारं यूजीटी2बी17 हे विकर जन्मतःच नसतं, त्यांचं प्रमाण सुई घेऊनही खालीच राहतं. म्हणून 2014 पासून प्रत्येक खेळाडूची त्याच्या स्वतःच्या जुन्या नमुन्यांशी तुलना होते. शंका आली की कार्बनचं समस्थानिक मोजतात. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनतं, त्यात कार्बन-13 कमी असतो. नॅन्ड्रोलोन हे दुसरं स्टेरॉइड घेतलं असेल तर त्याची खूण वर्षभरानंतरही सापडू शकते.

सायकल बंद केल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट जातात: बाहेरचं संपलेलं, आतलं सुरू झालेलं नाही. मरगळ येते, इच्छा जाते, आणि माणूस पुन्हा सुईकडे वळतो. त्या वेळी सहा आठवड्यांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच करावं. एलएच हलायला लागलेलं दिसलं तर वाट बघण्यात अर्थ आहे. शुक्राणू एकदा बनायला अडीच महिने लागतात, त्यामुळे वीर्य तपासणी तीन महिन्यांच्या आत करून निराश होऊ नये. बहुतेकांत सहा ते बारा महिन्यांत शुक्राणू परततात, काहींना दोन वर्षं लागतात. मूल हवं असेल तर आधीच एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे जाऊन काय घेतलं, किती आणि किती महिने, ते लपवाछपवी न करता सांगावं. अंडकोष पुन्हा चालू करायला एचसीजी किंवा क्लोमिफीन द्यायचं का, हे त्यावरच ठरतं.